औषधाचा वाटा

वेसाव्याच्या किनाऱ्यावर अंजनाबाईने घातलेला वाटा कुणी परत मोजून पाहिल्याचं ऐकिवात नाही. मासळीचा ढीग पुढ्यात आला की ती लुगडं आवरून उकिडवी बसे, दोन्ही हात ढिगात घाली, आणि हात बाहेर येत ते मासळी वेगळी करतच येत. इकडे एक मोठा बोंबील, तर तिकडे दोन मध्यम. एका वाट्यातली कोळंबी जरा मऊ लागली, तर त्याच वाट्यात मूठभर जास्त. ओहोटीच्या वेळी पाणी जसं वाळूवर सारखं पसरत जातं, तसे तिचे वाटे पसरत. घरात तागडी होती. पण तिच्या पारड्यांत अंजनाबाईची सासू सरूबाई चिंच वाळवत असे.

वनमाला ही अंजनाबाईची वाटेकरीण. पहाटे होड्या लागल्या की दोघी मिळून लिलावात एक ढीग घेत, तो वाटून दोन पाट्या भरत, आणि अंधेरीच्या बाजारात शेजारी शेजारी बसत. वाटे घालायचं काम अंजनाबाईचं. ते झालं की वनमाला ढिगांकडे पाठ करून उभी राही. अंजनाबाई एका वाट्यावर हात ठेवून विचारी, "ह्यो कोनाचा?" वनमाला न बघता सांगे, "तुजा," नाहीतर "माजा." बोलला तो वाटा बोलला. पुढे त्यावर चर्चा नाही.

पण त्या दोघींत आणखी एक रिवाज होता, आणि तो त्यांच्या सासवांच्या वेळेपासून चालत आला होता. बोललेला वाटा बाजारात जाऊन नासका निघाला, तर जिचा चांगला निघाला तिने आपल्यातला अर्धा उचलून द्यायचा. समोरचीने मागायचं नाही. तिला मागायला लागावं ही देणारीची लाज. या रिवाजावर दोन घरं इतकी वर्षं उभी होती, आणि याच रिवाजाने अंजनाबाईच्या लेकराचा कान जायची वेळ आणली.

चौऱ्याऐंशी सालची थंडी होती. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि गावभर पोरांची नाकं वाहत होती. अंजनाबाईचा चंदू तेव्हा नुकता भिंत धरून चालायला लागला होता. लग्नाला खूप वर्षं झाल्यावर, लोकांनी विचारायचं सोडून दिल्यावर झालेलं हे पोर. त्याला आधी सर्दी झाली, मग ताप आला, आणि मग तो डावा कान ओढून ओढून रडायला लागला. दूध तोंडाशी नेलं की तोंड फिरवी, खाली निजवलं की किंचाळे. नवरा बळवंत होडीवर गेलेला, खोल समुद्रात. सरूबाईने लसूण घालून खोबरेल कोमट केलं आणि वाटी घेऊन आली.

"दोन थेंब सोड. तुज्या नवऱ्याचं कान मी असंच राखलं."

"आनि माज्या भावाचं?" अंजनाबाई म्हणाली.

सरूबाईने वाटी खाली ठेवली.

अंजनाबाईचा थोरला भाऊ भाऊराव. त्याचे कान लहानपणी असेच वाहिले. घरच्यांनी तेल घातलं, धूप घातला, देवाला कोंबडं बोललं. कान वाहायचे थांबले तेव्हा त्यातून ऐकू यायचंही थांबलं होतं. मोठा होऊन तो होडीवर गेला. एकदा होडीचा म्होरक्या तांडेल ओरडला, "दोर सोड!" बाकीच्यांनी सोडला. भाऊरावला ऐकू आलं नाही. दोराने त्याच्या उजव्या हाताची बोटं नेली. तेव्हापासून तो किनाऱ्यावर बसून जाळी सांधतो. कुणी पुढ्यात येऊन उभं राहिलं तर हसतो, मागून येणाऱ्याला मात्र त्याची पाठच दिसते. चंदू कान ओढू लागला तशी अंजनाबाईला ती पाठ दिसायला लागली. कोळ्याचं पोर बहिरं झालं तर त्याला होडीवर कोण घेणार, आणि घेतलं तर आईने किनाऱ्यावर कोणत्या जिवाने उभं राहायचं?

तिने पोर कडेवर घेतलं. शेजारून वनमाला कमलला घेऊन निघालीच होती. कमल म्हणजे वनमालेची धाकटी, चंदूच्या बरोबरीची, आणि तिचाही कान दुखत होता.

अंधेरीतल्या मोठ्या दवाखान्यात त्या वर्षी लहान मुलांच्या कानांसाठी एक डॉक्टरीण बसत होती. नीला तिचं नाव, राहणारी पार्ल्याची, वयाने या दोघींहून लहानच. तिने बारीक दिवा लावून दोन्ही पोरांच्या कानांत पाहिलं. शुभा नावाची नर्स पोरांची डोकी धरून होती.

"दोघांचेही कानाचे पडदे लाल झालेत, फुगलेत. मागे पू साठायला लागलाय. औषध सुरू करायला हवं," डॉक्टरीण म्हणाली. मग तिने दोन बाटल्या समोर ठेवल्या, एक पिवळ्या औषधाची आणि एक पांढऱ्या. "ही दोन्ही औषधं यावर चालतात. त्यातल्या त्यात कोणतं जास्त बरं, हे आम्ही पडताळून बघतोय. काही मुलांना हे देतो, काहींना ते, आणि कुणाचा कान लवकर बरा होतो ते पाहतो. तुमची तयारी असेल तरच. नसेल तर नेहमीसारखं औषध देईन."

"कोनाला कंचं, त्ये कोन ठरवनार?" वनमालेने विचारलं.

"मीही नाही. या डब्यात बंद पाकिटं आहेत. एक उचलायचं. आत निघेल ते द्यायचं."

अंजनाबाईचा चेहरा उजळला. न बघता, कुणाची बाजू न घेता वाटा बोलायचा, ही रीत तिच्या ओळखीची होती. शिकलेली माणसंही असंच करतात हे पाहून तिला त्या पोरसवदा डॉक्टरणीबद्दल एकदम भरवसा वाटला. "घे गो," ती वनमालेला म्हणाली. "आपलंच हाय."

चंदूच्या पाकिटातून पिवळं निघालं. कमलच्या पाकिटातून पांढरं. पिवळं दिवसातून तीन वेळा द्यायचं, पांढरं दोन वेळा. पिवळी बाटली थंड जागी ठेवायची. बाटली संपेपर्यंत औषध चुकवायचं नाही, आणि मधे काही वाटलं तर लगेच यायचं.

बसमध्ये बसल्यावर वनमालेने हातातली बाटली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "तुज्याला तीन येळा, माजीला दोन."

"अगो, येगळं औषध हाय त्ये."

"असंल. पन तीन त्ये तीनच."

पिवळी बाटली मासळीच्या बर्फात राहू लागली. चमचा तोंडाशी नेला की त्याला बर्फाचा नि पापलेटचा वास येई, पण चंदू तो चाटूनपुसून घेई. दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला. त्याने भाताची पेज घेतली, मांजरीची शेपटी ओढली. अंजनाबाईने दाराशी बसून जरा डोळे मिटले, तर भिंतीपलीकडून कमलचं रडणं ऐकू आलं. कमलचा ताप होता तिथेच होता.

ते रडणं दिवसभर भिंतीतून येत राहिलं. वनमाला बाजारात आली नाही. तिसऱ्या प्रहरी ती पाण्याची कळशी घेऊन दारावरून गेली आणि अंजनाबाईकडे न बघता गेली. तिने काही मागितलं नाही. ती मागणारच नव्हती. आणि अंजनाबाईला ते न मागणं डोक्यावर ठेवलेल्या ओल्या पाटीसारखं जड वाटायला लागलं. आपला वाटा चांगला निघाला होता, तिचा नासका निघाला होता, आणि आपण बाटली बर्फात घालून बसलो होतो.

तिने एक रिकामी बाटली उकळत्या पाण्याने धुतली. अर्धं पिवळं तिच्यात ओतलं आणि वनमालेच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं.

वनमालेने बाटलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण तोंडाने ती म्हणाली, "मंग माजंबी अर्धं ने. फुकट नाय घेनार."

असे दोन औषधांचे चार वाटे झाले. दोन्ही घरांत सकाळी पिवळं आणि संध्याकाळी पांढरं सुरू झालं. दोघींनी ते इतक्या नेमाने केलं की एकही चमचा चुकला नाही. दोघींचं मन शांत झालं. सरूबाईसुद्धा म्हणाली, "आता कसं, दोनी पोरांना दोनी औषधं. दुप्पट गुन येनार."

कमल हळूहळू सावरली. आणि बाटल्या संपायला आल्या तेव्हा चंदूला पुन्हा ताप चढला. यावेळी तो ओरडला नाही, नुसता कण्हत पडून राहिला, आणि एका सकाळी त्याच्या डाव्या कानाखालची गोधडी पिवळी, चिकट झालेली दिसली. कान फुटला होता. अंजनाबाईने त्याला हाक मारली. त्याने डोळे उघडले नाहीत. ग्लानीत असल्यामुळे की ऐकू न आल्यामुळे, हे तिला कळेना. तिने पुन्हा मारली. मग ती हाका मारतच सुटली आणि सरूबाईने येऊन तिचा दंड धरला.

दवाखान्यात पुन्हा दोघीच. तपासणीची तारीखही तीच होती. डॉक्टरणीने कमलचा कान पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग चंदूचा कान पुसून पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"औषध सगळं दिलंत?"

"दिलं."

"रोज? न चुकता?"

"न चुकता." यात एक शब्द खोटा नव्हता.

डॉक्टरीण शुभाला म्हणाली, "पांढरं लागू पडलं. पिवळं नाही पडलं." मग अंजनाबाईला म्हणाली, "हे औषध याच्या जंतूंवर चालत नाही असं दिसतंय. इथे ठेवून चालणार नाही. याला मोठ्या इस्पितळात पाठवते. तिथे इंजेक्शनं देतील. पू नीट वाहून गेला नाही तर भूल देऊन पडद्याला छेद द्यावा लागेल."

अंजनाबाईला बोलायचं होतं आणि तिच्या मांडीला वनमालेची बोटं रुतली होती. वनमालेच्या चिमट्याचा अर्थ स्वच्छ होता: बोललीस तर दोघींनाही हाकलतील, उद्या पोरांना हात लावणार नाहीत. अंजनाबाईने समोर पाहिलं. डॉक्टरीण काही लिहीत होती. पांढरं चांगलं, पिवळं वाईट. हे जसंच्या तसं उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला लागू होणार, आणि आज माझ्या पोराच्या कानात सुरी जाणार. आयुष्यात कुणाच्या वाट्यात बोटाने पारडं दाबलं नाही, आणि इथे अख्खा हात पारड्यावर ठेवून बसले आहे.

"बाय, थांब," ती म्हणाली. "त्याला पिवळं अर्धंच मिळालं."

"म्हणजे?"

"अर्धं हिच्या कमलला दिलं. हिचं अर्धं आनलं. वाटून घेतलं आमी."

शुभाने तोंडाला हात लावला. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं, आणि तिचा आवाज चढला तेव्हा बाहेर रांगेतल्या बायकाही गप्प झाल्या.

"औषध म्हणजे काय मासळी आहे, वाटून घ्यायला? अर्धं दिलं म्हणून दोघांना अर्धा गुण येतो असं वाटलं तुम्हाला? पुरेसं मिळालं नाही की जंतू मरत नाहीत, उलटे शेफारतात! ताप उतरला होता ना याचा? उतरला होता की नाही?"

"दुसऱ्याच दिशी," अंजनाबाई म्हणाली. आणि हे बोलताना आपण काय केलं ते तिला पुरतं समजलं. पोर बरं होत होतं. ते आपल्या हातांनी, बाटली धुऊन, निगुतीने आजारी केलं.

"हिच्या मुलीचीही तीच गत. ती पांढऱ्याने सुधारली, की पिवळ्याने, की आपली आपण, आता देवालाही सांगता येणार नाही. या पडताळणीतून तुमची दोन्ही मुलं बाद."

"म्हंजे आमाला औषध नाय?" वनमालेने विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरणीने तिच्याकडे पाहिलं आणि तिचा राग जसा चढला तसा ओसरला. "औषध नाही कसं? मुलं आजारी आहेत ना? मोजणीतून बाद म्हटलं मी. कमलला आत्ता औषध नको, पुन्हा दुखलं तर लगेच आणा." तिने चंदूचा कान पुन्हा एकदा पाहिला, नाडी पाहिली, कानामागचं हाड दाबून पाहिलं. "मागे सूज नाही. मग छेदाची घाई करत नाही. पिवळंच द्या, आणि पुरं द्या. रोज आणून दाखवायचा. ताप चढला तर मात्र त्याच पावली मोठं इस्पितळ. आणि अंजनाबाई, यातला एक थेंब दुसऱ्या कुणाच्या तोंडात गेलेला मला चालणार नाही. सख्ख्या बहिणीच्या पोराच्यासुद्धा."

बाहेर पडल्यावर वनमाला एवढंच म्हणाली, "मना चोरासारखी उभी केलीस," आणि दुसऱ्या बसने गेली.

नवी बाटली बर्फात गेली. अंजनाबाई बाजाराला जाईना. चंदू मांडीवर, कानाखाली धुतलेलं फडकं, आणि तिची नजर त्या फडक्यावर. डाग लहान झाला की वाढला, फिका की गडद, यापलीकडे जगात तिला काही दिसत नव्हतं.

आणि एका दुपारी वनमाला दारात येऊन उभी राहिली. कडेवर कमल, तिचा हात कानावर, तोंड रडून सुजलेलं. दुखणं उलटलं होतं. वनमाला आत आली नाही, बोलली नाही. दाराची चौकट धरून नुसती उभी राहिली. बर्फाची पाटी समोरच होती.

सरूबाई उठली. "अगो, बघतंस काय? दे की काढून."

अंजनाबाईने पाटीच्या झाकणावर हात ठेवला. "नाय."

सरूबाईने ऐकलं ते तिला खरं वाटेना. "काय बोललीस?"

"नाय देनार. थेंबबी नाय."

"मी मागितलं?" वनमाला म्हणाली.

"नाय मागितलंस. म्हनून तर जीव जातोय माजा." अंजनाबाईने झाकणावरचा हात काढला नाही. "अर्धं देऊन दोगांचं वाटोळं केलं मी. परत नाय करनार. चल, आत्ता चल डाक्तरनीकडे, मी येते संगती."

"कंचं तोंड घेऊन जाऊ? तू ठेवलंस कुटं माजं तोंड?"

"तोंड ऱ्हाऊ दे हितंच. कान घेऊन चल."

वनमाला गर्रकन फिरली. "आजपासून वाटा तुटला," ती अंगणातून ओरडली, आणि आळीतली चार दारं उघडली. सरूबाई डोक्याला हात लावून बसली. तिने उभ्या जन्मात सुनेच्या तोंडून असा नकार ऐकला नव्हता. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की अंजनाबाईने आजारी पोरीला दारातून परत पाठवलं. अंजनाबाईने ते ऐकलं, आणि ठरल्या वेळी चंदूच्या तोंडात पुरा चमचा घातला. तिला वाटलं होतं आपण रडू. पण तिला रडूही आलं नाही. ती भिंतीला कान लावून बसली, पलीकडचं रडणं ऐकत.

दुसऱ्या दिवशी पलीकडून रडणं आलं नाही. ती तशीच उठून अंगणात आली. मग शेजारणीकडून कळलं, की वनमाला सकाळच्या पहिल्या बसने एकटीच गेली होती, आणि तिची स्वतःची पुरी बाटली घेऊन आली होती.

चंदूचा ताप गेला. मग फडक्यावरचा डागही गेला. पण अंजनाबाईची धास्ती गेली नाही. डॉक्टरणीने सांगितलं होतं, पडद्याचं भोक आपसूक भरेल, पण डाव्या कानाने किती ऐकू येतंय ते काही आठवड्यांनी तपासू. ते आठवडे तिने कसे काढले! ती चंदूच्या मागे जाऊन बांगड्या वाजवी. तो वळला की वाटे, सावली दिसली असेल. नाही वळला की ती पुन्हा वाजवी. एकदा तिने त्याच्या पाठीमागे पितळी परात टाकली. चंदू वळला, पण सरूबाई त्याच्याआधी उडाली.

"पोराचं कान बघतंस का माजं काळीज? आन दुसरी परात, त्येबी बघ!"

बाजारात वनमाला होती तिथेच बसत होती, कारण जागा तिची होती. मात्र मधे हातभर अंतर आणि बोलणं गिऱ्हाइकामार्फत. "काकी, त्या बाईला सांगा तिची पाटी माज्या जागंत आलीय." काकी पापलेट घ्यायला आलेल्या, त्या बिचाऱ्या सांगत. अंजनाबाई पाटी सरकवून घेई. दोघी आपापला ढीग वेगळा घेत होत्या, आणि दोघींनाही तो महाग पडत होता.

तपासणीच्या दिवशी अंजनाबाई खोलीत गेली तर वनमाला आधीच बाकावर बसलेली. कमलची तपासणी झाली होती, कान स्वच्छ होते, तरी ती उठली नव्हती. अंजनाबाई चंदूला मांडीवर घेऊन शेजारी बसली.

शुभाने चंदूच्या समोर एक चकचकीत चमचा नाचवायला घेतला. डॉक्टरीण त्याच्या मागे गेली. तिच्या हातात पातळ कागद होता.

"कुणीही आवाज करायचा नाही," ती म्हणाली.

उजव्या कानामागे कागद कुरकुरला. चंदू लगेच वळला. मग डाव्या कानामागे. चंदू चमच्याकडे बघून हसत होता. तो वळला नाही. डॉक्टरणीने पुन्हा कागद चुरला. चंदूने चमचा धरायला हात पुढे केला. अंजनाबाईच्या डोळ्यांपुढे जाळी सांधणारी ती पाठ उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, "चं..." एवढं निघालंही, तोच वनमालेचा पंजा तिच्या तोंडावर घट्ट बसला. त्याला सकाळच्या बोंबलांचा वास येत होता.

"गप," वनमाला तिच्या कानात म्हणाली. "त्याचं त्याला ऐकू दे."

डॉक्टरीण थांबली. शुभाने चमचा नाचवायचा थांबवला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. कागद तिसऱ्यांदा चुरला, आधीपेक्षा जरा मोठ्याने.

चंदूचं हसू थांबलं. त्याने मान डावीकडे वळवली, कागदाकडे पाहिलं, आणि तो हवा म्हणून हात पसरला.

"येतंय ऐकू," डॉक्टरीण म्हणाली. "उजव्याइतकं नाही अजून. पडद्यामागचं पाणी सुकायला वेळ लागतो. पुढच्या महिन्यात पुन्हा आणायचा. याल ना?"

वनमालेने हात अजून काढला नव्हता. अंजनाबाईने मान हलवली, ती त्या हातासकट.